शिक्षणाचे माध्यम : ठाणे-कल्याण परिसर

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील शालेय शिक्षणात इंग्रजी व मराठी यांच्या स्थानाविषयीचा वाद जुना आहे. इंग्रजी भाषा शिकणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे, हे दोन भिन्न प्रश्न त्यात एकमेकांत मिसळलेले आढळतात.

हा भेद कल्याणनजीकच्या मुरबाड येथे जन्मलेले जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) यांच्या भूमिकेत स्पष्ट दिसतो. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाचे (स्थापना १८४०) ते सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा भर निवडक वर्गाला इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्यावर होता. १८४७ मध्ये शंकरशेट व जॉर्ज जर्व्हिस यांनी त्यास विरोध केला. शंकरशेट यांचा इंग्रजीच्या अध्ययनाला पाठिंबाच होता. तथापि जनसामान्यांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोहोचविण्याचे साधन देशी भाषाच होय, असे त्यांचे मत होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी व सर्वसामान्यांसाठी देशी भाषा अशी विभागणी केली. लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणला पोहोचल्याने हा परिसर मुंबईतील नोकऱ्यांशी जोडला गेला आणि इंग्रजीचे व्यावहारिक महत्त्व वाढले.

याच काळात मराठी संस्थाही उभ्या राहिल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४), ठाण्याचे अरुणोदय हे वृत्तपत्र (१८६६) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) ही त्यांपैकी प्रमुख होत. ग्रंथसंग्रहालयाचे एक संस्थापक विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांचे उच्च शिक्षण इंग्रजीतून झाले होते. पुढे त्यांनीच महाराष्ट्र सारस्वत हा मराठी वाङ्‌मयाचा इतिहास लिहिला. इंग्रजीचे ज्ञान मराठीला मारक ठरतेच असे नाही, हे यावरून दिसून येते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या उपनगरांतील मध्यमवर्गाचा कल इंग्रजी माध्यमाकडे वळला. २००० मध्ये राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. तरीही माध्यमाचा ओघ थांबला नाही. २०२० च्या अधिनियमाने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करण्यात आली. मराठी शाळेत इंग्रजी टिकावी यासाठी कायद्याची गरज पडली नव्हती. इंग्रजी शाळेत मराठी टिकावी यासाठी ती पडली.

या वादात बोलींचा विचार क्वचितच होतो. खाडीकाठच्या आगरी बोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ व ‘ळ’ऐवजी ‘ल’ उच्चारला जातो. शाळेत असे उच्चार अशुद्ध मानले गेल्याने अनेक मुलांच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीच पहिली परकी भाषा ठरली. शंकरशेट यांचे तत्त्व काटेकोरपणे लावल्यास प्रारंभिक शिक्षणात या बोलींनाही स्थान देणे क्रमप्राप्त ठरते.