वाळवंटातील कोंड्याचा हिशोब

कोंड्याचा मांडा करणारी सुगरण हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. परंतु खुद्द कोंड्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पीठ चाळले, कोंडा बाजूस सारला आणि गोठ्यातील म्हशीपुढे टाकला, की त्याच्याशी आपला संबंध संपतो. इतिहासकारांनीही त्याची दखल क्वचितच घेतली आहे. आज आम्ही या उपेक्षित जिनसाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत, आणि तोही जेथे एकही बारमाही नदी वाहत नाही अशा सौदी अरबस्तानचा. कोंडा हा क्षुद्र खरा. पण त्याचा हिशोब नीट लावला, तर एका देशाने आपली कोणती ठेव कशापायी खर्च केली, हे त्यातून उघड होते.

तेल सापडण्यापूर्वीचा अरबस्तान आपल्याला अगदीच परका नव्हता. अरबी घोडे आणि आखातातील खजूर मुंबई बंदरात उतरत, आणि मुंबईहून तांदूळ व कापड तिकडे जाई. नज्दमधील विहिरींवर उंट अगर गाढवे उताराने चालवून कातडी मोटेने पाणी उपसत. ते दृश्य आपल्या शेतकऱ्यास ओळखीचेच वाटले असते. त्या पाण्यावर कासीम, अल हसा अशा हिरवळीच्या प्रदेशांत थोडा गहू होई. तो घरोघर जात्यावर भरडला जाई आणि बहुतेक कोंड्यासकट माणसांच्याच पोटात जाई. जनावरे पावसानंतर उगवणाऱ्या गवतावर जगत. वेळप्रसंगी खजुराच्या बिया कुटून वा भिजवून त्यांना घालीत. गुरांसाठी निराळा कोंडा निघावा, इतकी सुबत्ताच तेथे नव्हती.

१९३८ साली दम्माम येथे तेल लागले आणि पुढील चाळीस वर्षांत हे चित्र पालटले. शहरे वाढली, पांढऱ्या पावाची सवय लागली. १९७२ साली धान्याची कोठारे आणि पिठाच्या गिरण्या चालविणारे सरकारी मंडळ स्थापन झाले. यंत्राच्या गिरणीत शंभर किलो गहू घातला, की सामान्यतः पंचाहत्तर ते ऐंशी किलो पीठ आणि वीस ते पंचवीस किलो कोंडा निघतो. त्या देशात कोंडा हा बाजारचा माल झाला, तो या गिरण्यांमुळे.

याच सुमारास राजकारणाने शेतीस धक्का दिला. १९७३ साली अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली. उद्या समोरच्यांनी धान्य रोखले तर काय, ही भीती साहजिक होती. सरकारने गव्हास टनामागे ३,५०० रियाल भाव दिला. जागतिक भावाच्या तो कित्येक पट होता. खोल विंधनविहिरी खणल्या गेल्या आणि मध्यबिंदूभोवती फिरणारे प्रचंड फवारे वाळूत हिरवी वर्तुळे काढू लागले. १९८० च्या आसपास दीड लाख टनांच्या घरात असलेले गव्हाचे उत्पादन १९९२ साली चाळीस लाख टनांच्या पुढे गेले.

आता श्रोत्यांनी एक प्रश्न विचारावा. गहू पंचवीस पटींहून अधिक वाढला, तर कोंडाही तितकाच वाढला काय? मुळीच नाही. १९९२ चे पीक देशाच्या गरजेच्या दुपटीच्या घरात होते. उरलेला गहू अख्खाच परदेशी गेला आणि आपला कोंडाही बरोबर घेऊन गेला. देशात कोंडा उरे तो गिरणीत दळलेल्या गव्हाचा, आणि दळण होई ते खाणाऱ्यांच्या संख्येवर. १९७४ च्या शिरगणतीत सुमारे सत्तर लाख असलेली लोकसंख्या १९९२ साली एक कोटी सत्तर लाखांच्या जवळ आणि २०२२ साली तीन कोटी वीस लाखांच्या पुढे गेली. कोंडा वाढत गेला तो या चढणीने. शेताच्या चढउताराशी त्याचा संबंध थोडा.

याची खरी परीक्षा पुढे झाली. खजिन्यास भार सोसेना, म्हणून १९९३ नंतर गव्हाला उतरती कळा लागली. २००८ साली सरकारने खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले आणि २०१६ साली ती थांबविली. शेतातील गहू जवळजवळ गेला. कोंडा मात्र गेला नाही. कारण सरकारने प्रामुख्याने पीठ न आणता गहू आणला. तो जेद्दा, दम्माम येथे बोटींतून उतरे आणि देशातच दळला जाई. तीस लाख टन गहू दळला, तर सहा-सात लाख टन कोंडा घरात राहतो. पीठच आणले असते, तर तो परक्यांच्या गोठ्यात गेला असता.

तरीही या कोंड्याने गुरांची भूक भागली, असे कोणी समजू नये. २०१० नंतरच्या दशकात तो देश वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन जव परदेशांतून आणीत होता. त्यापुढे कोंडा म्हणजे ताटातील चटणी. ही तूट भरण्यासाठी गहू सोडलेल्या अनेकांनी लसूणघास लावली. गहू हिवाळ्याचे पीक; लसूणघास बारा महिने पाणी पिते. म्हणजे पाणी वाचविण्यासाठी गहू सोडला आणि चाऱ्याने ते अधिकच उपसले. अखेर हिरव्या चाऱ्यावरही बंधने आली. तेथील अल मराई या दूध कंपनीने तर चाऱ्यासाठी २०१४ साली अमेरिकेतील ॲरिझोनात जमीन घेतली.

हे पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे होते. पुन्हा भरून येणारे नव्हते. अफ्लाज प्रांतात लैला गावाजवळ वाळवंटात नैसर्गिक तळी होती. अफ्लाज या शब्दाचा अर्थच पाण्याचे पाट असा आहे. ती तळी विसावे शतक संपण्यापूर्वीच आटली.

परावलंबनाची भीती खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. उपाशी राहण्याचे भय कोणत्याही राष्ट्रास असतेच. २०१८ साली तेथील सरकारने गव्हास पुन्हा परवानगी दिली, ती मर्यादा घालूनच. पण जमाखर्च मांडला तर काय दिसते? गहू आला आणि गेला. कोंडा त्या गव्हावाचूनही मिळत राहिला. पाणी मात्र गेले ते गेलेच. भाकरीची तजवीज कोठारे बांधून, व्यापार राखून आणि गिरण्या आपल्या घरी ठेवून करता येते. आटलेल्या तळ्याची तजवीज कोणत्याही खजिन्यातून करता येत नाही.