शार्ङ्ग धनुष्याचें जतन

जुन्या दप्तरांच्या शोधांत पोथ्यांबरोबर कधीं कधीं शस्त्रेंहि हातीं येतात. त्यांपैकीं तरवारीस गंज चढला तर तो बराचसा काढतां येतो. धनुष्याचें तसें नाहीं. तें एका क्षणांत मोडतें, आणि तेंहि बहुधा कौतुकानें दोरी चढवून पाहणाराच्या हातून. यासाठीं नवीन संग्राहकांच्या उपयोगाकरितां या वस्तूची ओळख व निगा थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘शार्ङ्ग’ म्हणजे शिंगाचें. विष्णूच्या धनुष्याचें हें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें धनुष्याच्या एका जातीचेंहि नांव आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणीं ताल, चाप, दारव व शार्ङ्ग अशीं द्रव्यपरत्वें चार प्रकारचीं धनुष्यें सांगितलीं असून मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु व स्नायु या सहांच्या ज्या दिल्या आहेत. वासिष्ठ धनुर्वेदसंहितेनें गजयोध्यांस व घोडेस्वारांस शार्ङ्ग, तर रथी व पदाति यांस वेळूचें धनुष्य योग्य ठरविलें आहे. शिंगाचें धनुष्य आंखूड असूनहि जोरकस असतें. घोड्यावरून तें दोहों अंगांस सहज फिरवितां येतें.

मोगल काळांतील ज्या रंगीत कमानी आज संग्रहांतून दिसतात त्यांची रचना अशी: मध्यें लांकडाची पातळ पट्टी, धनुर्धराकडील अंगास म्हशीचें शिंग, लक्ष्याकडील अंगास सरसांत बसविलेले स्नायूंचे तंतु, आणि वर रंग व रोगण. धनुष्य ओढलें असतां शिंग दाब सोसतें व स्नायु ताण सोसतात. या अंगांची अदलाबदल झाली कीं दोन्ही निरुपयोगी होतात.

खरा धोका येथेंच आहे. दोरी उतरली कीं हें धनुष्य पुढच्या अंगास, म्हणजे लक्ष्याकडे, वळतें; कित्येक तर चंद्रकोरीसारखीं होतात. अनभिज्ञ मनुष्य त्या बांकासच धनुष्याचा स्वाभाविक बांक समजून त्यांत दोरी ताणतो. वास्तविक ज्या चढवावयाची ती त्या बांकाच्या उलट. रोगणाखालीं शिंग कोणत्या अंगास आहे हें निश्चित कळल्यावांचून धनुष्यास बळ लावूं नये. आणि जुन्या धनुष्यास तर कळल्यावरहि लावूं नये.

आमच्या भाषेंतच या निगेची खूण आहे. ज्या चढलेलें तें अधिज्य, उतरलेलें तें विज्य. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत मृगयेस निघालेल्या दुष्यंताचें धनुष्य अधिज्य आहे. रुद्राध्यायांत रुद्राचें धनुष्य विज्य असावें अशी प्रार्थना आहे. काम नसतां दोरी उतरलेली असावी, हा या शस्त्राचा विश्रामधर्म होय.

ग्रीक ओडिसी काव्याच्या 21 व्या सर्गांतहि हा विषय आला आहे. धनुष्य वांकेना म्हणून वधूचे इच्छुक तें अग्नीवर शेकवितात व त्यास चरबी चोळतात. ओडिसिअस मात्र धनुष्य हातीं येतांच प्रथम तें सर्व बाजूंनीं फिरवून पाहतो. आपण परदेशीं असतां किडीनें शिंग खाल्लें कीं काय, हें त्यास पाहावयाचें असतें. आधीं तपासणी, मग बळ, हा क्रम धनुर्वेदासहि मान्य आहे. अतिजीर्ण, अपक्व, जळालेलें व छिद्र पडलेलें धनुष्य त्यानें वर्ज्य ठरविलें आहे.

नवशिक्यानें पुढील गोष्टी पाळाव्या. सरस ओलाव्यानें मऊ पडतो. म्हणून पावसाळ्यांत धनुष्य ओलसर भिंतीपासून दूर ठेवावें. मात्र उन्हांत किंवा चुलीजवळ ठेवल्यास शिंग व स्नायु तडकतात. खुंटीस टांगूं नये. मऊ कापडावर, सर्व अंगास आधार मिळेल असें आडवें ठेवावें. पोथ्यांप्रमाणेंच कसरीसाठीं वारंवार पाहावें. खंडेनवमीस तरवारीस तेल लागतें तसें यास लावूं नये. पाणी व कुंकूंहि नको, कोरडी मऊ कुंचली पुरे. निघालेला रंग किंवा तंतु नव्या डिंकानें चिकटवूं नये. तो कागदाच्या पुडींत स्थान लिहून ठेवावा. जुनी ज्या सांपडल्यास ती स्वतंत्र जपावी.

ज्यांस शरसंधानच करावयाचें आहे त्यांनीं नवें धनुष्य घ्यावें. कोरियांत शिंगाचीं धनुष्यें अद्याप प्रचारांत आहेत. तेथें तीं उबदार पेटींत ठेवितात व मंद शेकून मगच चढवितात. चढविल्यावर दोन्ही बाहु एका रेषेंत आहेत हें पाहावें, आणि बाणावांचून ओढून कदापि सोडूं नये. बाणांत जावयाचा जोर मग धनुष्याच्याच अंगांत फिरतो.

पोथीचें पान फाटलें तरी तिची दुसरी प्रत मिळण्याची आशा असते. धनुष्यांत कारागिराची विद्या थर, सांधे व सरस यांतच राहिलेली असते. तें मोडलें कीं तिचा पुरावाहि तुटतो. म्हणून ज्यांच्या घरीं असें धनुष्य असेल त्यांनीं तें विज्य स्थितींतच मोजावें, दोन्ही अंगांचीं छायाचित्रें घ्यावीं, तें घरीं कसें आलें याची माहिती लिहून ठेवावी, आणि दोरी चढविण्याचा मोह आवरावा, अशी आमची विनंती आहे.