नांदूर मधमेश्वर पाणथळीची जडणघडण: सिंचन, गाळ आणि स्थलांतरित पक्षी

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या प्रदेशाचा इतिहास सामान्यतः यादवांची आरंभीची राजधानी, गोंदेश्वराचे मंदिर, विडी व्यवसाय आणि अलीकडील औद्योगिक वसाहती या क्रमाने सांगितला जातो. परंतु याच तालुक्याच्या उत्तर अंगास, गोदावरीच्या पात्रालगत, हिवाळ्यात मध्य आशिया आणि सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांचा मोठा मेळा भरतो. निफाड व सिन्नर या तालुक्यांत पसरलेले नांदूर मधमेश्वर अभयारण्य हे त्याचे स्थान होय. माघ-फाल्गुनात, म्हणजे वसंताच्या आरंभी, परतीच्या प्रवासापूर्वी पाहुण्या पक्ष्यांचे थवे येथे निरखता येतात.

या स्थळाविषयीचे लेखन बहुधा पक्ष्यांच्या याद्या व पर्यटनविषयक माहिती यांपुरते मर्यादित राहते. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. ही पाणथळ निसर्गनिर्मित नाही. तिचा उगम दुष्काळ निवारणाच्या धोरणात आहे आणि अभियंत्याच्या दृष्टीने जे अपयश, त्यातूनच पक्ष्यांचा अधिवास घडला आहे, हे मत येथे मांडावयाचे आहे. तिच्या संरक्षणाचा प्रश्नही या उगमाच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

बंधाऱ्यापूर्वीचा काळ आणि पक्षीनोंदींची परंपरा

गोदावरीच्या खोऱ्यातील माणसाने पक्ष्यांकडे पाहिल्याचा पुरावा प्राचीन आहे. महाराष्ट्री प्राकृतातील 'गाथासप्तशती'मध्ये कमळाच्या पानावर निश्चल बसलेल्या बलाकेचे वर्णन येते. त्या निश्चलतेवरून तेथे मनुष्याचा वावर नाही, असा ध्वन्यर्थ पुढे काव्यशास्त्रकारांनी काढला. पक्ष्याच्या वर्तनावरून परिसराची स्थिती ओळखण्याची ही दृष्टी आधुनिक पक्षीनिरीक्षणाच्या जवळची आहे.

शास्त्रीय स्वरूपाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८७८ मध्ये सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. या काळातील अभ्यास प्रामुख्याने बंदुकीच्या आधारे होत असे. पक्षी मारून त्याचे कातडे जतन करणे ही मान्य पद्धती होती आणि पाणपक्ष्यांकडे शिकारीचे पक्षी म्हणूनच पाहिले जाई. ह्यूम व मार्शल यांचा १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झालेला भारतातील शिकारीच्या पक्ष्यांवरील ग्रंथ या दृष्टीचा निदर्शक आहे.

येथे एक बाब ध्यानात घेणे अगत्याचे आहे. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनच्या पक्ष्यांची नोंद केली तेव्हा नांदूर मधमेश्वरचा जलाशय अस्तित्वातच नव्हता. गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर तेव्हा वाहते पात्र, उन्हाळ्यातील डोह आणि काठावरील मळई एवढेच होते.

दुष्काळ, सिंचन आयोग आणि बंधारा

१८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची शेती खिळखिळी केली. त्यानंतर १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिंचन आयोग नेमण्यात आला व १९०३ मध्ये त्याचा अहवाल आला. केवळ महसुलाच्या हिशेबाने न परवडणारी, परंतु दुष्काळापासून संरक्षण देणारी कामे सरकारने हाती घ्यावीत, हा विचार या आयोगामुळे बळावला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इगतपुरी तालुक्यातील दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वर येथील दगडी बंधारा यांची उभारणी याच धोरणातून झाली.

या दोन कामांचे परस्परांशी असलेले नाते महत्त्वाचे आहे. पावसाच्या प्रदेशात दारणेचे पाणी साठवावयाचे, ते नदीपात्रातून गोदावरीत सोडावयाचे आणि नांदूर मधमेश्वर येथे अडवून डाव्या व उजव्या कालव्यांनी पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यास द्यावयाचे, अशी ही योजना होती. म्हणजे नांदूर मधमेश्वर हे मूलतः साठवणीचे धरण नव्हते. पाणी कालव्यांकडे वळविण्याचे ते स्थान होते. कोपरगाव परिसरात पुढे उसाची शेती व साखर कारखानदारी उभी राहिली, तिचा पाया या कालव्यांनी घातला.

सिन्नर तालुक्याच्या बहुतांश भागास मात्र या पाण्याचा लाभ झाला नाही. येथील शेतकरी देवनदीवरील वळण बंधारे आणि पाट यांवर विसंबून राहिला. एकाच नदीच्या खोऱ्यात एका बाजूस ऊस आणि दुसऱ्या बाजूस कोरडवाहू बाजरी, ही विषमता पाणथळीच्या इतिहासाचीच दुसरी बाजू आहे.

गाळाचे कार्य

नदीच्या प्रवाहास बंधारा आडवा आला की पाण्याची गती मंदावते आणि पाण्याबरोबर आलेला गाळ तळाशी बसतो. गोदावरी, दारणा आणि कादवा या नद्यांनी पावसाळ्यागणिक आणलेली माती नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्यात साचत गेली. काही दशकांत जलाशय उथळ झाला, पात्रात मातीची बेटे तयार झाली व त्यांवर पाणवनस्पती आणि गवत वाढले. पाटबंधारे खात्याच्या लेखी ही साठवण क्षमतेची हानी होती.

पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हाच लाभ ठरला. खोल पाण्यात डुबी मारून अन्न मिळविणाऱ्या जाती थोड्या; तलवार बदक, थापट्या, चक्रांग, भुवई बदक यांसारख्या बदकांना गुडघाभर पाणी हवे असते. शेकाट्या, तुतवार व मालगुजा यांना ओला चिखल लागतो. जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी यांना पाणवनस्पतींचा आडोसा आवश्यक असतो. कपाळावरील पांढऱ्या टिळ्यामुळे ज्यास मराठीत वारकरी हे नाव मिळाले, तो काळा पक्षी येथे थव्यांनी दिसतो. बेटांमुळे चक्रवाकांना कोल्ह्याकुत्र्यांपासून सुरक्षित विश्रांतिस्थान मिळते. काठावरील हरभरा व गव्हाच्या शेतांवर भोवत्या घिरट्या घालतो. हे वैविध्य बंधाऱ्यामागील खोल व स्वच्छ जलाशयात निर्माण झाले नसते.

वसंतारंभ आणि पाण्याचे आवर्तन

समुद्रकाठच्या बंदरांशी तुलना केल्यास या पाणथळीचे वेगळेपण स्पष्ट होते. मुंबईतील शिवडी बंदराच्या परिसरात रोहित व किनारी पक्षी पाहणारा निरीक्षक भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून बाहेर पडतो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी अन्नासाठी उतरतात. हे चक्र चंद्राच्या गतीने चालते, त्यावर मनुष्याची सत्ता नाही.

नांदूर मधमेश्वर येथे ओहोटीचे कार्य कालव्याचे आवर्तन करते. वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी चढते, कालव्यांचे दरवाजे उघडले की ती उतरते. रब्बीची आवर्तने आणि मागाहून येणारी उन्हाळी आवर्तने यांच्या मधल्या काळात किती चिखल उघडा राहील, हे पाणीवाटपाच्या निर्णयांवर ठरते. पाणी फार काळ चढे राहिल्यास चिखलपक्ष्यांचे अन्न बुडते. एकाएकी ओसरल्यास बेटे काठाशी जोडली जातात आणि कुत्रीमांजरे तेथवर पोहोचतात.

वसंताच्या आरंभी या बाबीस विशेष महत्त्व येते. या काळात स्थलांतरित पक्षी दूरच्या उड्डाणासाठी शरीरात मेद साठवितात. येथून निघालेला चक्रवाक लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकडे, तर तलवार बदक सायबेरियाच्या दिशेने जातो. मालगुजाच्या अंगावर याच सुमारास विणीच्या हंगामाची तांबूस छटा उमटू लागते. प्रस्थानापूर्वीचे अन्न पुरेसे न मिळाल्यास त्याचा परिणाम हजारो किलोमीटर दूरच्या विणीवर होऊ शकतो. १९८७ पासून होणारी आशियाई पाणपक्षी गणना जानेवारी महिन्यात घेतली जाते. त्यामुळे हिवाळी संख्येचे चित्र मिळते, परंतु माघ-फाल्गुनातील ही तयारी तिच्या कक्षेबाहेर राहते. वसंतारंभीच्या नियमित नोंदींचे मोल त्यामुळेच अधिक आहे.

'महाराष्ट्राचे भरतपूर' या उपाधीचा आशय

डॉ. सालिम अली यांनी या स्थळास महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे पक्षीप्रेमींमध्ये रूढ आहे. १९८६ मध्ये शासनाने १००.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. पुढील वर्षी, जून १९८७ मध्ये डॉ. अली यांचे निधन झाले. या उपाधीचा उल्लेख आजवर गौरव म्हणूनच होत आला आहे. तिच्यात एक इशाराही दडलेला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

राजस्थानातील भरतपूरची केवलादेव पाणथळही मनुष्यनिर्मित आहे. अठराव्या शतकात भरतपूरच्या जाट राज्यकर्त्यांनी बांधलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर ती पोसली गेली. पुढे संस्थानिकांनी ती बदकांच्या शिकारीसाठी राखली. १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्या वर्षीच्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसून आले की, चराई थांबल्याने गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच हानी झाली. ज्यांना बाहेर काढले, त्यांचा पाणथळीच्या घडणीत वाटा होता. पुढे पांचना धरणामुळे गंभीर नदीचे पाणी मिळेनासे झाले, तेव्हा वरच्या भागातील शेतकरी आणि खालच्या भागातील पक्षी यांच्यात पाण्यावरून ताण निर्माण झाला.

या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. मनुष्यनिर्मित पाणथळ केवळ कुंपण घालून राखता येत नाही. आणि तिचे भवितव्य अभयारण्याच्या सीमेबाहेर, धरणांच्या दरवाजांपाशी ठरते.

कायदा, रामसर दर्जा आणि विरोधी हितसंबंध

२१ जून २०१९ या तारखेने नांदूर मधमेश्वरचा रामसर यादीत समावेश झाला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ होय. त्यानंतर लोणार सरोवर (२०२०) व ठाणे खाडी (२०२२) यांना हा दर्जा मिळाला. रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे अभयारण्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढे आहे.

येथे कायद्यातील एक विसंगती नजरेस येते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतील व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळण्यात आल्या आहेत. महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ मात्र सिंचनाच्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले. अभयारण्य आणि रामसर दर्जामुळे नांदूर मधमेश्वरला संरक्षण लाभले. परंतु दख्खनमधील असे कितीतरी लहान पाझर तलाव व बंधारे आहेत, जेथे पक्षी उतरतात आणि ज्यांना या नियमांचा आधार मिळत नाही.

दुसरीकडे, काठावरील जनतेच्या तक्रारी अवास्तव नाहीत. सायखेडा आणि चांदोरी या गावांना गोदावरीच्या पुराचा फटका वारंवार बसतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मधील पूर अनेकांच्या स्मरणात आहेत. बंधाऱ्यातील गाळ काढावा आणि दरवाजांची संख्या वाढवावी, ही मागणी त्यातून पुढे येते. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेच्या नावातच गाळाविषयीची प्रचलित भूमिका व्यक्त झाली आहे. नाशिक शहराकडून येणारे सांडपाणी व त्यावर फोफावणाऱ्या पाणवेली, जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून होणारे वाद आणि वैजापूर-गंगापूरकडे जाणारा जलद कालवा, या साऱ्यांचा संबंध याच फुगवट्याशी येतो.

निष्कर्ष

नांदूर मधमेश्वरचा इतिहास निसर्ग विरुद्ध विकास अशा सोप्या मांडणीत बसत नाही. दुष्काळग्रस्त शेतकऱ्यासाठी झालेले बांधकाम, डोंगरउतारावरून वाहून आलेली माती आणि सैबेरियातून येणारे पक्षी यांच्या योगाने हे स्थळ घडले. बंदुकीऐवजी दुर्बीण हाती घेणाऱ्या निरीक्षकास त्याचे महत्त्व उमगले, तेव्हा बंधारा उभा राहून अनेक दशके लोटली होती.

म्हणून संरक्षणाच्या चर्चेत गाळ हा केंद्रस्थानी असावयास हवा. सारा गाळ उपसल्यास जलाशय राहील, परंतु पाणथळ उरणार नाही. तो तसाच साचू दिल्यास पुराचा धोका वाढेल आणि कालांतराने उथळ पाण्याचेही गवताळ माळ होतील. कोठला गाळ काढावा, कोणती बेटे राखावीत आणि माघ-फाल्गुनात पाण्याची पातळी कोठे ठेवावी, हे प्रश्न पाटबंधारे खाते, वन विभाग आणि काठावरील गावे यांनी एकत्र बसून सोडवावयाचे आहेत. त्यासाठी लागणाऱ्या नोंदी, म्हणजे आवर्तनांच्या तारखा, पाण्याची पातळी आणि त्या त्या दिवशी दिसलेल्या पक्ष्यांची संख्या, परिसरातील महाविद्यालयांचे भूगोल, प्राणिशास्त्र आणि इतिहास विभाग वर्षानुवर्षे ठेवू शकतात. सिन्नर आणि निफाडच्या महाविद्यालयांपासून हे स्थळ फार दूर नाही. असा अभ्यास सातत्याने झाल्यास पक्ष्यांच्या परतीचा काळ आणि पिकांच्या पाण्याचा काळ यांचा मेळ घालणे केवळ अनुमानावर अवलंबून राहणार नाही.