तालमीत अंग भरतं तेव्हा

जिममध्ये नाव घालून पंधरा दिवस झाले आणि वजनकाटा खाली येण्याऐवजी वर सरकला, की आजचा माणूस हबकतो. कोल्हापूरच्या तालमीत मात्र पोरगं अंग धरू लागलं, की वस्ताद खूश होत.

शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग अशा तालमींत खेड्यापाड्यांतली पोरं राहायला येत. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, लढती. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं असे. घाम गाळून झाला की खुराक: दूध, तूप आणि दगडी कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई. एवढं पोटात गेल्यावर वजन वाढणारच. ते वाढावं हाच तर हेतू.

पण जिममध्ये, खुराक न वाढवताही काटा का चढतो?

नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, ती भरून येताना तिथे पाणी साचतं. शिवाय स्नायू जादा ग्लायकोजेन साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. सुरुवातीची वाढ बहुतेक अशी पाण्याची असते, चरबीची नव्हे. स्नायू भरायला पुढे महिने लागतात.

कुस्तीत तर वजनावरच गट ठरतो. कोल्हापुरात घडलेले पैलवान खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन परतले.