भरपाई नको म्हणणारा देश

विहारात वंदना झाल्यावर आपली पोरं कधी कधी अवघड प्रश्न विचारतात. एकाने विचारले, "पहिल्या महायुद्धात एवढी माणसं मेली, तरी वीस वर्षांत दुसरं कसं पेटलं? कुणी अडवलं नाही का?"

अडवायचा प्रयत्न झाला होता. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायला तह झाला, त्यातच राष्ट्रसंघाची घटना होती. राष्ट्रसंघ म्हणजे सगळ्या देशांची पंचायतच. पण त्याच तहात युद्धाचा सारा दोष जर्मनी व तिच्या मित्रांच्या माथी मारला आणि १९२१ साली भरपाईचा आकडा ठरला, १३२ अब्ज सोन्याचे मार्क! भरपाई थकली म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा जर्मनीच्या रूहर खोऱ्यात, म्हणजे कोळशाच्या खाणींत घुसल्या. त्याच साली जर्मन नोटेला कागदाचीही किंमत उरली नाही. हिटलर एवढ्यानेच आला असे नव्हे, १९२९ ची मंदीही होतीच. पण या अपमानाचे भांडवल त्याने पुरेपूर केले. इकडे राष्ट्रसंघात अमेरिका आलीच नाही, आणि संघाजवळ स्वतःची फौज नव्हती. मांचुरिया बळकावल्याचा ठपका आला तेव्हा जपान १९३३ साली सरळ उठून गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ झाला, तो आपल्याला माहीत आहे. पण मला सांगायची आहे ती सप्टेंबर १९५१ ची सॅन फ्रान्सिस्को परिषद. जपानशी तह करायचा होता. पुन्हा तोच प्रश्न, वसुली किती करायची?

६ सप्टेंबरला सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने उभे राहिले. (याच सिलोनला आदल्या वर्षी बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते.) एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकले होते. युद्धासाठी रबराच्या झाडांचा चीक इतका काढला की बागांची वाट लागली. जयवर्धने म्हणाले की भरपाई मागायचा आम्हाला हक्क आहे, पण आम्ही मागणार नाही. कारण म्हणून त्यांनी वैरासंबंधीचे ते बुद्धवचन सांगितले, जे आपल्या घरात लहान लेकरालाही पाठ असते.

भारत परिषदेला गेला नाही, पण जून १९५२ मध्ये वेगळा तह करून त्यानेही भरपाई सोडली. फिलिपाइन्सने मात्र सोडली नाही. १९५६ च्या करारात ५५ कोटी डॉलर ठरवून घेतले. त्यांना नावे कशी ठेवणार? त्यांची मनिला १९४५ साली बेचिराख झाली होती. ज्याचे थोडे गेले त्याला सोडणे सोपे, हेही खरेच.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. हेच जयवर्धने राष्ट्राध्यक्ष असताना जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली. त्यानंतर तिथे पेटलेले युद्ध २००९ पर्यंत चालले. दूरच्या जपानला जे दिले, ते आपल्याच देशातल्या शेजाऱ्याला का देता आले नाही, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

जपानमध्ये कामाकुरा येथे भव्य बुद्धमूर्तीच्या आवारात १९९१ साली जयवर्धने यांच्या त्या भाषणाची आठवण म्हणून एक शिळा उभारली. तेच बुद्धवचन तिच्यावर कोरलेले आहे.