तीन विद्यापीठांच्या मधली जमीन



शिकलेली मुलं गाव सोडतात, हे दुःख आपल्या एकट्यांचं नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचंही तेच होतं. तंबाखू, कापडगिरण्या आणि फर्निचर यांवर राज्य चालायचं, मजुरी तुटपुंजी. जवळजवळच्या तीन शहरांत तीन विद्यापीठं होती. पण शिकून मुलं नोकरीसाठी परराज्यात जायची.

या तिन्हींच्या मधोमध पाइनच्या झाडांची जमीन होती. तिथं संशोधन करणाऱ्या कंपन्या आणायचं ठरलं. आधी बेत नफ्याचा होता, पण शेअर घ्यायला लोक पुढे येईनात. तेव्हा आर्ची डेव्हिस या बँकवाल्यांनी सुचवलं, शेअर विकू नका, देणगी मागा. काम सगळ्या राज्याचं असेल तर लोक देतील. काही महिन्यांत सुमारे १५ लाख डॉलर जमले. १९५९ मध्ये ‘रिसर्च ट्रँगल पार्क’ जाहीर झालं, नफा न घेणाऱ्या संस्थेच्या हाती.

पहिली वर्षं संथ गेली. १९६५ मध्ये आयबीएम यायचं ठरलं आणि गाडी रुळावर आली. १९८० मध्ये राज्य सरकार आणि विद्यापीठांनी मिळून सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र काढलं. आज पार्क सुमारे ७,००० एकरांवर आहे.

पण पुढे गिरण्या बंद पडल्या, तेव्हा दूरच्या गावांतल्या कामगार बायांना पार्कचा फारसा आधार झाला नाही. तिथलं काम पदवीवाल्यांचं होतं.

म्हणून आपल्या भागात असं काही येणार असेल, तर ग्रामसभेत आपण दोन प्रश्न विचारूया : जमीन कुणाच्या ताब्यात राहणार? आणि तिथल्या कामाचं शिक्षण आमच्या मुलींना कुठे मिळणार?