अल्फा रेकॉर्ड्स

अल्फा रेकॉर्ड्स ही टोकियो येथील जपानी ध्वनिमुद्रिका कंपनी होती. संगीतकार कुनिहिको मुराई यांनी १९६९ साली सुरू केलेल्या 'अल्फा म्युझिक' या संगीत प्रकाशन संस्थेतून ती १९७७ साली उदयास आली. जपानमधील सिटी पॉप व टेक्नो पॉप या संगीतप्रकारांच्या जडणघडणीत तिचा मोठा वाटा आहे.

स्थापना

मुराई (जन्म १९४५) हे केइओ विद्यापीठाचे विद्यार्थी होते. १९६९ साली पॅरिसमध्ये त्यांनी काही फ्रेंच गीतांचे जपानपुरते प्रकाशनाधिकार मिळविले. त्यांत 'कॉम दाबित्यूद' हे गीत होते. हेच गीत पुढे पॉल अँका यांच्या इंग्रजी शब्दांसह 'माय वे' या नावाने जगप्रसिद्ध झाले. गीतकार मिचिओ यामागामी हे मुराई यांचे प्रारंभापासूनचे सहकारी होत. या दोघांनी रचलेले व 'आकाई तोरी' या गायकवृंदाने गायिलेले 'त्सुबासा ओ कुदासाई' (१९७१) हे गीत जपानी शाळांतून आजही समूहगान म्हणून गायिले जाते.

प्रारंभी अल्फाकडे स्वतःची विक्रीव्यवस्था नव्हती. मूळ ध्वनिमुद्रण अल्फाने करावयाचे आणि ध्वनिमुद्रिका अन्य कंपनीने विकावयाची, अशी पद्धत होती. त्यामुळे ध्वनिमुद्रणाविषयीचे निर्णय विक्रेत्याऐवजी संगीतकारांच्या हाती राहिले.

प्रमुख कलावंत

* युमी अराई : 'हिकोकीगुमो' (१९७३) हा त्यांचा पहिला अल्बम अल्फाने निर्माण केला व तोशिबाने विक्रीस आणला. हारुओमी होसोनो यांच्या 'कॅरॅमल मामा' या वादकसंचाने त्यास साथ केली. विवाहानंतर (१९७६) अराई या युमी मात्सुतोया या नावाने ओळखल्या जातात.
* सर्कस : या गायकवृंदाचे 'मिस्टर समरटाइम' (१९७८) हे मिशेल फ्युगां यांच्या फ्रेंच गीताचे जपानी रूप विशेष गाजले.
* यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा : होसोनो, युकिहिरो ताकाहाशी व रयुइची साकामोतो यांनी १९७८ साली स्थापिलेला संच. त्यांच्या संगीताचा मुख्य आधार सिंथेसायझर हा होता. ए अँड एम या अमेरिकन कंपनीशी झालेल्या करारामुळे त्यांचे संगीत परदेशी पोहोचले. 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर' (१९७९) हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला अल्बम होय. १९८३ साली संच विसर्जित झाला.
* कॅसिओपिया : जॅझ फ्युजन वाजविणारा संच. पहिला अल्बम १९७९ साली.

येन व अल्फा अमेरिका

१९८२ साली होसोनो व ताकाहाशी यांनी अल्फाच्या अंतर्गत 'येन' ही शाखा काढली. तिचा 'व्हिडिओ गेम म्युझिक' (१९८४) हा नामको कंपनीच्या खेळांतील संगीताचा अल्बम त्या प्रकारातील आद्य अल्बमांपैकी एक मानला जातो.

अमेरिकेत काढलेली 'अल्फा अमेरिका' ही कंपनी मात्र अल्पजीवी ठरली. तिने १९८१ साली प्रसिद्ध केलेले बिली व्हेरा यांचे 'ॲट धिस मोमेंट' हे गीत त्या वेळी फारसे चालले नाही. पुढे एका दूरचित्रवाणी मालिकेत वापरले गेल्यावर, १९८७ साली, ते अमेरिकेत प्रथम क्रमांकावर पोहोचले. तोपर्यंत त्याची विक्री दुसऱ्याच कंपनीकडे गेली होती.

उत्तरकाळ

१९८५ साली मुराई यांनी अल्फा सोडली. कंपनीचा ध्वनिमुद्रणसंग्रह कालांतराने सोनी म्युझिककडे आला. होसोनो यांच्या देखरेखीखाली १९७७ साली ध्वनिमुद्रित झालेला, परंतु अप्रकाशित राहिलेला, लिंडा कॅरिएर या अमेरिकन गायिकेचा अल्बम २०२४ साली, तब्बल ४७ वर्षांनी, रसिकांसमोर आला.